एलडीएच किट: पेशी किती फुटल्या ते सांगतं, कशा फुटल्या ते नाही

मॅक्रोफेजमधला (जंतू गिळणाऱ्या प्रतिकारपेशींमधला) पायरोप्टोसिस, म्हणजे जंतूचा धोका ओळखून पेशीने दाह सुरू करत स्वतःला संपवणं, मोजायला जे एलडीएच रिलीज किट मिळतं त्याच्याबद्दल लिहायचं कधीपासून डोक्यात होतं, कारण सेल डेथवर काम सुरू करणारा जवळपास प्रत्येक जण सगळ्यात आधी हेच मागवतो आणि मग त्याच्या एका आकड्यावरून वाट्टेल ते निष्कर्ष काढले जातात. कंपनीचं नाव घेत नाहीये, त्याची गरजही नाही, आतली केमिस्ट्री बहुतेक सगळ्यांची थोड्याफार फरकाने सारखीच असते. आधीच सांगून टाकते, पाचपैकी चार स्टार. किट चांगलं आहे, मी वापरते आणि पुढेही वापरणार. एक स्टार कापलाय तो मॅन्युअलसाठी, आणि ब्रोशरमध्ये हे थेट "पायरोप्टोसिस मोजणारं किट" म्हणून विकतात त्यासाठी. हे किट पायरोप्टोसिस मोजत नाही. ते पेशी फाटल्याचं मोजतं, आणि या दोन गोष्टींच्या मधे बरंच काही घडतं, तेच नीट लिहायचंय.

किट काय करतं ते आधी. एलडीएच (लॅक्टेट डिहायड्रोजिनेज) हा जवळपास प्रत्येक पेशीत भरपूर असणारा एन्झाइम, पेशीचं आवरण धड आहे तोवर आतच राहतो, आवरण फाटलं की बाहेर मीडियात (पेशी ज्यात वाढवतात त्या द्रवात) येतो. आपण सुपरनेटंट, म्हणजे पेशींवरचा द्रव, ५० मायक्रोलिटर उचलायचा, नवीन ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये टाकायचा, त्यात ५० मायक्रोलिटर रिअॅक्शन मिक्स घालायचं, अंधारात अर्धा तास ठेवायचं, स्टॉप सोल्यूशन टाकून रीडरमध्ये घालायचं. मिक्समध्ये लॅक्टेट आणि एनएडी असतं, एलडीएच लॅक्टेटचं पायरुव्हेट करतो तेव्हा एनएडीएच तयार होतं, आणि डायफोरेज म्हणून जो दुसरा एन्झाइम मिक्समध्ये असतो तो या एनएडीएचवर टेट्राझोलियम सॉल्टपासून लाल फॉर्माझान बनवतो. ४९० नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं आणि ६८० चं बॅकग्राउंड त्यातून वजा करायचं, झालं काम. पेशींना हात लावावा लागत नाही, डाय घालावा लागत नाही, त्याच वेलमधल्या उरलेल्या सुपरनेटंटमध्ये सायटोकाइन (पेशी सोडतात ते संदेशाचं प्रथिन) बघता येतं आणि खाली चिकटलेल्या पेशींचं लायसेट करून, म्हणजे त्या फोडून, ब्लॉटही (ठरावीक प्रथिन ओळखायची चाचणी) लावता येतो. या एका गोष्टीसाठी मी हे किट कधीच सोडणार नाही.

प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगते. उंदराच्या अस्थिमज्जेतून वाढवलेले मॅक्रोफेज, त्यांना तीन-चार तास एलपीएस (ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातला रेणू) देऊन तयार केलं, मग १० मायक्रोमोलर नायजेरिसिन, हे पायरोप्टोसिस सुरू करणारं रसायन. मायक्रोस्कोपखाली बघत बसलात तर आधी काहीच होत नाही, मग एखाद्या पेशीची कड हलल्यासारखी वाटते, तिच्या आतली लगबग थांबते, आणि आवरण एका बाजूने पारदर्शक फुग्यासारखं बाहेर येतं, मधे गोल केंद्रक एकदम ठळक उठून दिसायला लागतं. तासाभरात सगळं फील्ड अशा पेशींनी भरतं. नंतर त्याच प्लेटचा सुपरनेटंट किटमध्ये टाकला की नायजेरिसिनच्या वेल पहिल्या काही मिनिटांतच गुलाबी व्हायला लागतात आणि नुसत्या एलपीएसच्या वेल फिकट राहतात, आणि एमसीसी९५० आधी दिलेल्या वेल सुद्धा फिकट राहतात कारण ते रसायन एनएलआरपी३ हे धोका ओळखणारं प्रथिन अडवतं. एका ओळीत तिन्ही शेजारी शेजारी दिसले की प्रयोग चाललाय हे रीडर चालू करायच्या आधीच कळतं. नवीन मुलांना इन्फ्लमासोम (तो काय ते पुढे येतंच) शिकवायला मला याच्यापेक्षा चांगलं काही सापडलेलं नाही.

आता पेशीच्या आत काय होतं ते, कारण त्याशिवाय किटचा आकडा वाचताच येत नाही. मॅक्रोफेजच्या आत काही प्रथिनं नुसती पहारा देत असतात. एनएलआरपी३ ला पेशीतलं पोटॅशियम बाहेर जायला लागलं की जाग येते, आणि नायजेरिसिन नेमकं तेच करतं. एआयएम२ ला पेशीद्रवात जिथे डीएनए नसायला पाहिजे तिथे तो सापडला की जाग येते. एनएलआरसी४ ला जिवाणूंचं फ्लॅजेलिन आणि त्यांची जी सुईसारखी टाइप ३ सिक्रिशन यंत्रणा असते तिचे भाग ओळखू येतात, पण थेट नाही, एनएआयपी नावाची प्रथिनं ते पकडतात आणि मग एनएलआरसी४ त्यांच्यावर जमतं. यातलं कुठलंही एक जागं झालं की आजूबाजूची प्रथिनं गोळा होऊन मोठा कॉम्प्लेक्स बनतो, तोच इन्फ्लमासोम, हे नाव २००२ मध्ये लोझानच्या युर्ग चोप यांच्या ग्रुपने दिलं. या कॉम्प्लेक्समधल्या एएससी नावाच्या प्रथिनाला चमकणारा टॅग लावला तर पेशीत साधारण एका मायक्रोमीटरचा एकच ठिपका दिसतो, सगळ्या पेशीभर पसरलेलं प्रथिन काही मिनिटांत त्या एका ठिपक्यात येऊन बसतं. तिथे कॅस्पेज-१ हा प्रथिनं कापणारा एन्झाइम सक्रिय होतो आणि दोन महत्त्वाची कामं करतो. प्रो-आयएल-१ बीटा ३१ किलोडाल्टनचा असतो त्याला कापून १७ किलोडाल्टनचा कामाचा आयएल-१ बीटा (दाह सुरू करणारं सायटोकाइन) करतो, आयएल-१८ चंही तसंच, आणि गॅसडर्मिन डी नावाचं प्रथिन कापतो.

गॅसडर्मिन डी हा या सगळ्या प्रकाराचा खरा कर्ता आहे आणि त्याचं हे काम २०१५ पर्यंत कुणाला माहीत नव्हतं, हे मला अजूनही भारी वाटतं. तोपर्यंत कॅस्पेज-१ सक्रिय झाला की पेशी मरते एवढं माहीत होतं, पण तो नक्की काय कापतो म्हणून मरते ते नव्हतं माहीत. त्या वर्षी बीजिंगच्या फेंग शाओ यांच्या लॅबने आणि जेनेंटेक या अमेरिकी कंपनीच्या ग्रुपने वेगवेगळ्या वाटांनी जाऊन तेच एक प्रथिन शोधून काढलं. त्याचा पुढचा तुकडा भोक पाडू शकतो आणि मागचा तुकडा त्याला दाबून ठेवतो, मधे कापलं की पुढचा मोकळा होतो, आवरणाच्या आतल्या बाजूला जाऊन चिकटतो आणि तीसेक तुकडे मिळून एक गोल छिद्र तयार करतात. २०२१ ला क्रायो-ईएममध्ये (गोठवलेला नमुना बघायच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीत) दिसलेल्या छिद्राचा आतला व्यास २० नॅनोमीटरच्या थोडा वरच आहे. आयएल-१ बीटा त्यातून आरामात जातो. आयएल-१ बीटाला नेहमीच्या मार्गाने बाहेर जायचा सिग्नलच नसतो त्यामुळे त्याला हे छिद्र लागतंच, आणि छिद्राच्या आतल्या बाजूचा चार्ज असा आहे की कापलेला आयएल-१ बीटा सहज बाहेर पडतो आणि न कापलेल्याला अडखळायला होतं. इतकं नेमकं काम आहे हे.

दुसरा रस्ताही आहे. एलपीएस जर पेशीच्या बाहेर न राहता थेट पेशीद्रवात घुसलं, म्हणजे ग्रॅम निगेटिव्ह जिवाणू आत शिरलाय असा त्याचा अर्थ, तर उंदरात कॅस्पेज-११ आणि माणसात कॅस्पेज-४ आणि ५ त्या एलपीएसला स्वतःच पकडतात, मधे कुणी सेन्सर नाही, आणि गॅसडर्मिन डी कापतात. किटला अर्थातच या दोन रस्त्यांतला फरक कळत नाही.

हे सगळं पेशी का करते तर मरून जिवाणूचं घर मोडते. साल्मोनेला मॅक्रोफेजच्या आतच एका पिशवीत बसून वाढतो, तिथे त्याला न्यूट्रोफिल (जंतू मारणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) गाठू शकत नाहीत, बरीचशी अँटिबायोटिक सुद्धा धड पोचत नाहीत. पेशी फुटली की ती जागा गेली, जिवाणू बऱ्याचदा त्या फाटलेल्या सांगाड्यातच अडकून राहतात आणि आलेले न्यूट्रोफिल सांगाड्यासकट त्यांना गिळतात. वर आयएल-१ बीटा आणि पेशीतून सांडलेला बाकीचा माल आजूबाजूला दाह सुरू करतो, म्हणजे मदत तिथे पोचते. साल्मोनेलाची एक गंमत या किटवर फार छान दिसते. लॉग फेजमध्ये (भराभर वाढायच्या टप्प्यात) वाढवलेले जिवाणू दिले, म्हणजे ज्यांच्यात फ्लॅजेलिन आणि सुईची यंत्रणा जोरात चालू असते, तर तासाभरात एलडीएच वर जातो. तेच जिवाणू रात्रभर वाढवून जुने झालेले दिले की हीच पेशी कितीतरी वेळ टिकून राहते. जिवाणू काय काय लपवू शकतो ते लाल रंगाच्या फरकात समोर दिसतं, यासाठी किटला माझ्याकडून पूर्ण मार्क.

मग अडचण काय. अडचण अशी की छिद्र पडणं आणि पेशी फाटणं एकच आहे असं सगळे धरून चालले होते. छिद्र पडलं, पाणी आत आलं, पेशी फुगली, फुटली, आपोआप. २०२१ ला नेचरमध्ये जेनेंटेकच्याच ग्रुपने दाखवलं की फुटणं आपोआप होत नाही, त्याला निंजरिन-१ नावाचं वेगळं प्रथिन लागतं. छोटंसं प्रथिन, आवरणातच असतं, मज्जातंतूंच्या इजेच्या संदर्भात आधीपासून माहीत होतं, इथे त्याचं काही काम असेल असा कुणाला संशयही नव्हता. उंदरांमध्ये म्युटेशन करून करून त्यांनी शोधलं. निंजरिन-१ नसलेल्या मॅक्रोफेजमध्ये गॅसडर्मिन नीट कापला जातो, छिद्रं पडतात, आयएल-१ बीटा बाहेर येतो, पेशी फुगते आणि मरतेही, पण तशीच फुगलेली राहते, फाटत नाही, आणि एलडीएच बराचसा आतच. म्हणजे पेशी पायरोप्टोसिसने मेली आणि आपलं किट सांगतंय काही विशेष झालं नाही. आणि हा फरक फक्त लॅबपुरता नाही, निंजरिन-१ नसलेले उंदीर सिट्रोबॅक्टर रोडेन्शियमच्या इन्फेक्शनला जास्त बळी पडले, म्हणजे फाटण्याचाही इन्फेक्शनशी लढण्यात वाटा असावा.

हे घरच्या घरी, म्हणजे आपल्याच प्लेटवर बघता येतं, नॉकआउट (जनुक काढून टाकलेला) उंदीर असायची गरज नाही. नायजेरिसिनच्या आधी मीडियात ५ मिलिमोलर ग्लायसीन (एक साधं अमिनो आम्ल) घाला. ग्लायसीनने मरणाऱ्या पेशी फुटायच्या थांबतात हे १९८० च्या दशकापासून माहीत आहे, आणि २०२२ मध्ये असं दिसलं की ते निंजरिन-१ ला एकत्र जमू देत नाही. ग्लायसीनच्या वेलचा एलडीएच बघा, एकदम खाली. आता त्याच वेलच्या सुपरनेटंटमधला आयएल-१ बीटा एलायझाने (अँटिबॉडी वापरून प्रथिन मोजायच्या चाचणीने) बघा, भरपूर. आणि प्रोपिडियम आयोडाइड (डीएनएला चिकटून लाल चमकणारा डाय) घालून मायक्रोस्कोपखाली बघा, केंद्रकं लाल झालेली दिसतात, कारण प्रोपिडियम छोटा रेणू आहे, त्याला फाटलेलं आवरण लागत नाही, छिद्र पुरतं. तीच वेल, एक वाचन सांगतं पेशी ठणठणीत, दोन वाचनं सांगतात पेशी गेली. मला वाटतं किटच्या बॉक्समध्ये ग्लायसीनची एक छोटी बाटली टाकून द्यायला हवी कंट्रोल म्हणून, काही खर्च नाही त्याला, आणि वापरणाऱ्याला पहिल्याच प्रयोगात कळेल की हे किट नक्की काय मोजतंय.

उलट बाजूनेही फसायला होतं. एलडीएच बाहेर आला म्हणजे पायरोप्टोसिस असं नाही. नेक्रोप्टोसिस या पेशीमृत्यूच्या दुसऱ्या प्रकारात एमएलकेएल नावाचं प्रथिन आवरण तोडतं, एलडीएच बाहेर. अपोप्टोसिस (दाह न करता शांतपणे मरणं) झालेली पेशी कुणी उचलली नाही तर डिशमध्ये काही तासांनी तीही फाटते, एलडीएच बाहेर, आणि तिथेही निंजरिन-१ चा हात असतो. पिपेटने जोरात धुतलंत, पेशी खरवडल्या, एलडीएच बाहेर. रंग सगळ्यांचा लालच. या क्षेत्राला एका वाचनावर विसंबून चकवा बसल्याचं उदाहरण जुनं आहे, १९९२ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये झिचलिन्स्की आणि सान्सोनेत्ती यांनी शिगेला या जिवाणूमुळे मॅक्रोफेज मरतात हे दाखवलं, काम अतिशय महत्त्वाचं, पण डीएनएचे तुकडे झालेले दिसले म्हणून त्या काळच्या समजुतीप्रमाणे त्याला अपोप्टोसिस म्हटलं गेलं. पायरोप्टोसिस हा वेगळा प्रकार म्हणून कुकसन आणि ब्रेनन यांनी २००१ मध्ये मांडला. तेव्हा साधनंच तेवढी होती. आज सगळी साधनं असताना नुसत्या एलडीएचच्या बार ग्राफवर "पायरोप्टोसिस" लिहायचं म्हणजे मला पटत नाही.

आता मॅन्युअल. मॅन्युअलमध्ये प्रोटोकॉल आहे, चित्रं आहेत, फॉर्म्युला आहे, पण जिथे लोक खरंच अडकतात ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरात किंवा नाहीच.

सगळ्यात मोठी गोष्ट सीरम. गाईच्या गर्भाच्या सीरममध्ये स्वतःचाच एलडीएच असतो. १० टक्के सीरमच्या मीडियात किट लावलंत तर पेशी नसलेली वेलसुद्धा लाल होते, आणि तेवढ्या बॅकग्राउंडवर खरा फरक दबून जातो. ट्रीटमेंटच्या आधी पेशी धुवून कमी सीरमच्या किंवा सीरम नसलेल्या मीडियात न्यायच्या, काही तासांचा प्रयोग असेल तर मॅक्रोफेज ते सहन करतात. मीडियाची एक ब्लँक वेल प्रत्येक प्लेटवर हवीच आणि ब्लँक म्हणजे त्याच बाटलीतला मीडिया, त्याच सीरमचा, साधा बफर नाही. दुसरं पायरुव्हेट. बऱ्याच मीडियात सोडियम पायरुव्हेट असतं आणि किटची रिअॅक्शन लॅक्टेटकडून पायरुव्हेटकडे जाते, पुढे आधीच पायरुव्हेट भरलेलं असेल तर रिअॅक्शन मंदावते, म्हणजे आकडे उगाच कमी येतात. हे आमच्याकडच्या मॅन्युअलमध्ये एका ओळीत आहे, ती ओळ पहिल्या पानावर ठळक हवी होती. ईमेल करून विचारलं तर उत्तर म्हणून तेच मॅन्युअल परत पाठवलं, त्यामुळे सपोर्टबद्दल फार चांगलं लिहिता येत नाही.

फॉर्म्युला साधा आहे पण त्यात काय जातं ते बघा. समजा पेशींना काहीच न करता आलेलं रीडिंग ०.२०, सगळ्या पेशी डिटर्जंटने फोडल्यावर १.२०, आणि आपल्या सॅम्पलचं ०.८०. तर ०.८० मधून ०.२० वजा, ०.६०, भागिले १.२० वजा ०.२० म्हणजे १.००, म्हणून ६० टक्के. आता तो १.२० जर चुकला तर सगळी प्लेट चुकली. लायसिस बफर टाकून पेशी खरंच पूर्ण सुटल्या का ते मायक्रोस्कोपखाली बघायचं, नुसतं मॅन्युअलमध्ये ४५ मिनिटं लिहिलंय म्हणून पुढे जायचं नाही. आणि बुडबुडे! लायसिस बफरमुळे फेस होतो, रीडरला बुडबुडा म्हणजे जास्त ऑप्टिकल डेन्सिटी, मॅक्झिमम वर जातो आणि सगळे सॅम्पल खाली दिसतात. सुईने फोडा किंवा प्लेट थोडी सेंट्रिफ्यूज करा. पिपेटचं दुसरं स्टॉप न दाबता सोडलं तर निम्मे बुडबुडे होतच नाहीत.

वेळेचं पण आहे. बाहेर आलेला एलडीएच मीडियात कायम टिकत नाही, ३७ डिग्रीला त्याचं हाफ लाइफ साधारण ९ तास धरतात. नायजेरिसिनच्या दोन तासांच्या प्रयोगात याने काही बिघडत नाही पण २४ तासांच्या इन्फेक्शनमध्ये पहिल्या काही तासांत फुटलेल्या पेशींचा एलडीएच शेवटी मोजताना बराचसा गेलेला असतो, आणि तुमचा ग्राफ म्हणतो मृत्यू कमी झाला. लांब प्रयोगात मधल्या वेळांचे सुपरनेटंट काढून ठेवा. आणि काढलेत तर त्याच दिवशी लावा, फ्रीजरमध्ये टाकून आठवड्याने एकत्र वाचायचा मोह होतो पण एलडीएच उणे २० ला चांगला टिकत नाही.

सोबत काय वापरायचं याबद्दल माझं मत पक्कं आहे. एकच गोष्ट जोडता येत असेल तर गॅसडर्मिन डी चा वेस्टर्न ब्लॉट. पूर्ण प्रथिन साधारण ५३ किलोडाल्टनला आणि कापलेला पुढचा तुकडा तीसेकला, तो तुकडा दिसला की बोलायला जागा आहे. मात्र ब्लॉटसाठी नुसत्या खाली राहिलेल्या पेशी घेऊ नका, पेशी फुटल्यावर बराचसा माल सुपरनेटंटमध्ये गेलेला असतो, दोन्ही एकत्र लायसेट करा. दुसरी जोड आयएल-१ बीटा एलायझा, पण तिथे एक खाच आहे की बरेच एलायझा न कापलेला प्रो-आयएल-१ बीटाही थोडाफार पकडतात, आणि पेशी कशानेही फुटली तरी प्रो बाहेर सांडतोच, म्हणून एलायझा सुद्धा एकटा पुरत नाही. प्रोपिडियमचं लाइव्ह इमेजिंग मला सगळ्यात आवडतं कारण छिद्र कधी पडलं ते मिनिटागणिक दिसतं, आणि हेही दिसतं की काही पेशी छिद्र पडूनही लगेच मरत नाहीत, ईएससीआरटी-३ नावाची यंत्रणा आवरणाचा तो भाग तोडून टाकून डागडुजी करते, हे २०१८ मध्ये दाखवलं गेलं. काही पेशी तर आयएल-१ बीटा सोडत राहतात आणि जिवंतही असतात. एलडीएचच्या आकड्यात या सगळ्या पेशी शून्य.

हा फरक मला इतका महत्त्वाचा का वाटतो तर औषधांमुळे. सेप्सिसमध्ये (इन्फेक्शनला शरीराने दिलेल्या जीवघेण्या प्रतिक्रियेत) हाच पायरोप्टोसिस हाताबाहेर जातो, गॅसडर्मिन डी नसलेले उंदीर एलपीएसच्या मारक डोसमधून बऱ्यापैकी वाचतात, म्हणून जगभर तो अडवणारे रेणू शोधणं चालू आहे. डायसल्फिराम, जे दारू सोडवण्यासाठी कित्येक दशकं वापरात आहे, ते गॅसडर्मिनचं छिद्र अडवतं हे २०२० मध्ये आलं. अशा शोधात हजारो रेणू चाळायला एलडीएच किट सोयीचं, स्वस्त पडतं आणि यंत्रावर बसवता येतं, ते ठीकच आहे. पण त्यात एखादा रेणू एलडीएच खाली आणतो तो छिद्र अडवून आणतो का नुसतं फाटणं अडवून आणतो हे वेगळं तपासावंच लागतं. फाटणं थांबलं आणि आयएल-१ बीटा वाहतच राहिला तर रुग्णाच्या ताप आणि दाहावर त्याचा परिणाम वेगळा असणार, आणि उलट नुसतं फाटणं थांबवणंही कुठे कुठे कामाचं असू शकतं, यकृताच्या इजेवर निंजरिन-१ ला अडवणारी अँटिबॉडी उंदरात उपयोगी पडल्याचं २०२३ मध्ये आलंय. दोन्ही चांगली औषधं होऊ शकतात, पण ती दोन वेगळी औषधं आहेत. किट दोघांना एकच आकडा देतं.

जिवाणूही हा फरक ओळखून वागतात असं वाटायला लागतं वाचलं की. शिगेला आत शिरला की त्याचं ओएसपीसी३ हे प्रथिन कॅस्पेज-४ वर रासायनिक बदल करून त्याला निकामी करतं, आणि आयपीएएच७.८ माणसाच्या गॅसडर्मिन डी ला थेट विल्हेवाटीला पाठवतं. म्हणजे वरच्या पायऱ्यांवर हल्ला. अशा जिवाणूच्या म्युटंटबरोबर (एखादं जनुक बिघडवलेल्या प्रकाराबरोबर) काम करताना एलडीएच किट पहिली चाळणी म्हणून उत्तम, म्युटंटने पेशी जास्त फुटतात का हे एका दुपारी कळतं, मग कुठल्या पायरीवर अडवलं होतं त्यासाठी ब्लॉट.

जिवाणूंबरोबर वापरणाऱ्यांसाठी अजून एक, हे मॅन्युअलमध्ये अजिबात नाही. काही जिवाणूंचा स्वतःचा एलडीएच असतो, लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्यांचा तर असतोच, लिस्टेरिया, स्टॅफ यांच्याबरोबर काम असेल तर काळजी घ्या. पेशी नसलेल्या वेलमध्ये तेवढेच जिवाणू, तेवढाच वेळ, तोच मीडिया, असा कंट्रोल ठेवा, आणि जेंटामायसिन हे अँटिबायोटिक घातलं असेल तर त्या कंट्रोलमध्येही घाला. सुपरनेटंट उचलायच्या आधी प्लेट ५ मिनिटं हळू सेंट्रिफ्यूज करा म्हणजे सुटलेल्या पेशी खाली बसतात, आणि वरून उचलताना टिप वेलच्या भिंतीला टेकवा, तळाला नाही. रिअॅक्शन मिक्स एकदा बनवलं की प्रकाशापासून वाचवा आणि छोटे भाग करून गोठवा, परत परत वितळवलं की रंग फिका यायला लागतो. किटबरोबर एलडीएचचा पॉझिटिव्ह कंट्रोल येतो तो प्रत्येक प्लेटवर लावाच, मिक्स जुनं झालंय का ते सगळ्यात आधी तोच सांगतो.